चौदा वर्षांची मुदत

शंकर आबाजी भिसे हे नाव मराठी वाचकाच्या नजरेखालून कधी ना कधी गेलेले असते. जन्म १८६७, मुंबई. मृत्यू १९३५, न्यू यॉर्क. दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसच्या आसपास पेटंटे त्यांच्या नावावर सांगितली जातात. ‘भारताचे एडिसन’ अशी पदवी त्यांना मिळाली आणि पदवीच्या पाठोपाठ विस्मरणही आले. या विस्मरणाचे खापर आपण कधी साहेबाच्या पक्षपातावर फोडतो, कधी आपल्याच कृतघ्नपणावर. दोन्हींत तथ्य आहे. तरी चाळीस पेटंटे असलेल्या माणसाला आपले मुख्य यंत्र बाजारात उभे करता करता अर्धे आयुष्य का घालवावे लागले, या प्रश्नाचे उत्तर त्यातून पुरते मिळत नाही. ते शोधायचे तर भिसे ज्या कायद्याच्या आसऱ्याला गेले, त्या ब्रिटिश पेटंट कायद्याकडे वळावे लागते.

मला या विषयाची ओढ लागली ती यंत्रामुळे. आम्ही मूळचे मसुऱ्याचे. गड नदीच्या काठच्या आणि भरतगडाच्या पायथ्याच्या या गावातून पोटासाठी मुंबई गाठणाऱ्यांत माझे आजोबा होते. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी जुळारी म्हणून उमर काढली. देवनागरीचे खिळे म्हणजे काय प्रकरण असते, हे मी त्यांच्याकडून ऐकले. इंग्रजीच्या जुळाऱ्यापुढे सव्वीस अक्षरांचे लहान-मोठे संच असतात. मराठी जुळाऱ्याच्या केसांत अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना-मात्रा मिळून शेकड्यांनी घरे. मजकूर जुळवायचा, छापून झाला की एकेक खिळा पुन्हा आपापल्या घरात टाकायचा आणि झिजलेले खिळे वितळवायला पाठवायचे. निर्णयसागरच्या जावजी दादाजींपासून लोकमान्य टिळकांपर्यंत अनेकांनी या खिळ्यांपायी डोके शिणवले. जलद खिळे ओतणाऱ्या यंत्राचे मोल आजोबांसारख्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. भिसे यांनी नेमके तेच यंत्र केले होते.

इंग्लंडात शोधावरचा मक्ता कायद्याने मान्य झाला तो १६२४ च्या मक्तेदारीविषयक कायद्याने. राजाने मर्जीतल्या माणसांना मीठ-साबणाचे मक्ते वाटावेत, या प्रकाराला पार्लमेंटने त्या कायद्याने आळा घातला, पण नव्या कारागिरीला अपवाद ठेवला. मुदत चौदा वर्षांची. हा आकडा कुठून आला? उमेदवार कारागिराची उमेदवारी सात वर्षांची धरत. अशा दोन पिढ्या तयार होईपर्यंत हक्क शोधकाचा, नंतर विद्या सगळ्यांची, असा हिशेब त्यामागे सांगितला जातो. पुढे हा हक्क मिळवणे इतके खर्चाचे आणि कचेऱ्या झिजवण्याचे झाले की चार्ल्स डिकन्सने १८५० मध्ये एका गरीब कारागिराच्या पेटंटाची कथा लिहून त्याची टर उडवली. १८५२ मध्ये पेटंट कार्यालय स्थापन झाले, आणि १८८३ च्या कायद्याने अर्जाचा सुरुवातीचा खर्च अवघ्या चार पौंडांवर आला. आधी एक पौंड भरून तात्पुरते वर्णनपत्र द्यायचे, मग नऊ महिन्यांत तीन पौंडांसह संपूर्ण वर्णनपत्र. दार गरिबाला खुले झाले.

पण दाराच्या आतले नियम पाहावेत. चौदा वर्षे मोजायची ती अर्जाच्या तारखेपासून; यंत्र तयार झाल्यापासून नव्हे आणि विकले गेल्यापासून तर नव्हेच. हक्क जिवंत ठेवायचा तर चौथ्या वर्षापासून पुढे वाढते शुल्क भरत राहायचे. कार्यालय शोधाचे नावीन्य तपासत नसे. मागच्या पन्नास वर्षांची ब्रिटिश वर्णनपत्रे चाळून पाहण्याची पद्धत १९०२ च्या कायद्याने आली आणि १९०५ पासून अमलात आली. तोवर पेटंट खरे की खोटे हे कोर्टात ठरे, आणि कोर्टाचा खर्च चार पौंडांत होत नसे. मुळात पेटंट कुणालाही कारखाना देत नाही. दुसऱ्याला ‘तू हे करू नकोस’ असे म्हणण्याचा अधिकार तेवढा देते.

हिंदुस्थानातही असा कायदा होता. १८५६ चा पहिला कायदा राणीची पूर्वसंमती न घेतल्यामुळे रद्द करावा लागला. १८५९ मध्ये तो नव्याने झाला, १८८८ मध्ये सुधारला. इथला पहिला अर्ज १८५६ मध्ये कलकत्त्याच्या जॉर्ज डिपेनिंग यांनी केला, आणि तो होता पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी! मात्र इथला हक्क विलायतेत चालत नसे आणि विलायतेतला इथे. छपाईच्या यंत्रांचे भांडवल आणि बाजार लंडनला होता, म्हणून भिसे लंडनला गेले.

विज्ञानाचे रीतसर शिक्षण त्यांना फारसे नव्हते. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिक वाचून ते यंत्रविद्या शिकले. शतक संपता संपता शोधकांच्या एका ब्रिटिश मासिकाने मालाचे आपोआप वजन करणाऱ्या यंत्रासाठी स्पर्धा ठेवली. ती भिसे यांनी जिंकली. दिनशा वाच्छांचे ओळखपत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे पोचले. दादाभाईंनी नुसता आशीर्वाद दिला नाही, पैसाही घातला. तिथे ‘भिसोटाइप’ आकाराला आले. मिनिटाला १२०० खिळे ओतण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. समाजवादी पुढारी हिंडमन यांनी भांडवल जमवण्याचे मनावर घेतले. ते जमले नाही. १९०८ च्या सुमारास भिसे लंडनचा गाशा गुंडाळून परत निघाले.

इथे घड्याळाकडे पाहायला हवे. नमुन्याचे यंत्र, त्याच्या चाचण्या, दोष काढणे, भागीदार शोधणे, त्यांच्याशी करार, करार मोडणे, पुन्हा नवा भागीदार. यातल्या प्रत्येक पायरीला महिने आणि वर्षे गेली, आणि ती सगळी मुदतीतून वजा झाली. श्रीमंत कंपनीची चौदा वर्षे नफ्याची असतात. भिसे यांची बरीचशी भांडवल शोधण्यात सरली. शोधात सुधारणा केली की नवे पेटंट घ्यावे लागे. म्हणजे नवा खर्च. त्यांच्या पेटंटांच्या मोठ्या आकड्याकडे मी म्हणूनच नुसत्या कौतुकाने पाहू शकत नाही. त्यातली काही मला एकाच यंत्राचा हक्क टिकवण्यासाठी पुन्हा पुन्हा भरलेल्या हप्त्यांसारखी वाटतात.

तुलनेसाठी लायनोटाइपचा जनक मर्गेंथालर घ्या. तो जर्मन घड्याळजी, अमेरिकेत परदेशीच. १८८६ मध्ये त्याचे यंत्र ‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’मध्ये चालू झाले, कारण त्यामागे वृत्तपत्रांच्या मालकांचाच पैसा होता. ज्यांना यंत्र हवे होते, तेच भांडवलदार होते. पुढे त्याचेही कंपनीशी बिनसले, पण यंत्र जगभर गेले. भिसे लंडनला पोचले तेव्हा लायनोटाइप आणि मोनोटाइप तिथे पाय रोवून होत्या. त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या एका हिंदी माणसाच्या यंत्रात पैसा घालणे हे सावध इंग्रज सावकाराला जुगार वाटले असेल, तर त्यात रंगाचा भाग किती आणि व्यवहाराचा किती, हे वेगळे काढता येणे कठीण आहे.

याच काळात ब्रिटनला स्वतःच्या कायद्यातली एक मेख जाणवली. जर्मन रंग-कंपन्या ब्रिटिश पेटंटे घेऊन माल मात्र जर्मनीत करत. १९०७ च्या कायद्याने व्यापारमंत्री लॉइड जॉर्ज यांनी तरतूद आणली: ठरावीक मुदतीनंतर शोध देशात पुरेसा वापरात न आणणाऱ्याचे पेटंट रद्द होऊ शकेल. हे शहाणपण बलाढ्य परदेशी कंपन्यांसाठी होते.  स्वतंत्र भारतानेही १९७० च्या कायद्यात अशी भूमिका घेतली.

परतीच्या प्रवासात भिसे यांना गोपाळ कृष्ण गोखले भेटले आणि त्यांच्या शब्दावर जमशेटजींचे धाकटे पुत्र रतन टाटा यांनी पाठबळ दिले. १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट निघाले, पण १९१५ च्या सुमारास तेही थांबले. भिसे अमेरिकेला गेले. १९२० च्या आसपास तिथे खिळे ओतणाऱ्या यंत्राची कंपनी उभी राहिली. पहिल्या कल्पनेपासून वीस वर्षे झाली होती. शेवटी त्यांना स्वास्थ्य दिले ते आयोडिनच्या एका औषधाने.

आमच्या सिंधुदुर्गात अलीकडे ‘हापूसला पेटंट मिळाले’ असे सर्रास म्हटले जाते. २०१८ मध्ये मिळाले ते भौगोलिक मानांकन. ते गावांच्या समूहाचे असते आणि दर दहा वर्षांनी नव्याने करून घेता येते. आंब्याला घाई नाही. शोधकाला असते. आज युरोपात आणि आपल्याकडे पेटंटाची मुदत वीस वर्षांची आहे, पण मोजणी अजूनही अर्जाच्या तारखेपासूनच सुरू होते. कोकणातल्या एखाद्या पोराने उद्या काजू फोडायचे चांगले यंत्र केले, तर त्याला पेटंटाचा अर्ज भरून देणारे पुष्कळ भेटतील. त्या तारखेपासून पहिली पाच वर्षे त्याचा कारखाना कोण चालवणार, हा भिसे यांच्या वेळचा प्रश्न त्याच्याही पुढे असेल.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मक्त्याच्या बदल्यात शोधकाने आपली विद्या उघड करायची, ही त्यातली अट. गावोगावचे लोहार, सुतार, गलबते बांधणारे यांच्या युक्त्या त्यांच्याबरोबर गेल्या. भिसे यांच्या गेल्या नाहीत. मुदत केव्हाच सरली, सिंडिकेटे बुडाली, पण कोणता दांडा कुठे फिरतो आणि शिसे साच्यात कसे उतरते, हे छापील वर्णनपत्रांत शिल्लक आहे. ते आता कुणीही वाचावे आणि कुणीही करून पाहावे.