पाठीतली बॅटरी आणि आईचा प्रश्न

यंदा घरावर आकाशकंदील टांगायला मला बंदी आहे. हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत, वाकायचं नाही, कंबरेतून वळायचं नाही आणि दुधाच्या गॅलनएवढं वजनसुद्धा उचलायचं नाही. चार वर्षांची लेक "बाबा, कडेवर" म्हणत येते आणि बायको तिला मध्येच अडवते.

कारण असं, की माझ्या मणक्यांच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, दोन बारीक तारा बसवल्या आहेत आणि कमरेपाशी कातडीखाली एक बॅटरी. यंत्राचं नाव स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर. मणक्यातल्या चकतीचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं, पण डाव्या पायाचं दुखणं काही गेलं नाही, म्हणून हा उपाय. ताऱांभोवती शरीराने स्वतःची पकड धरेपर्यंत त्या सरकू शकतात, म्हणून काही आठवडे ही सक्तीची विश्रांती.

आता कॉम्प्युटर इंजिनिअरला घरी झोपवून ठेवलं तर तो काय करणार? यंत्राचं मॅन्युअल वाचणार! मॅन्युअल संपलं आणि मी या यंत्राच्या इतिहासात शिरलो.

विजेने दुखणं शमवण्याची कल्पना बल्बपेक्षा फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या रोमन वैद्याने लिहून ठेवलंय, की संधिवाताने पाय ठणकत असेल तर समुद्रकिनारी जिवंत टॉर्पेडो मासा पायाखाली ठेवून उभं राहावं, पाय बधिर होईपर्यंत. हा मासा विजेचा झटका देतो. वीज म्हणजे काय हे त्या वैद्याला ठाऊक नव्हतं, पण गुण येतो हे रुग्णांनी त्याला सांगितलं होतं.

हे का होतं याचं पटेल असं उत्तर यायला 1965 साल उजाडलं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'सायन्स' नियतकालिकात 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला. पोराचं डोकं दाराला आपटलं की आपण आधी ती जागा चोळतो, बरोबर? त्यांचं म्हणणं असं, की स्पर्शाचे संदेश जाड तंतूंतून येतात, वेदनेचे बारीक तंतूंतून. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाची गर्दी झाली की फाटक वेदनेसाठी मिटू लागतं. सिद्धांताच्या तपशिलात पुढे बरेच बदल झाले, पण त्याने एक दार उघडलं. वॉल आणि न्यूरोसर्जन विल्यम स्वीट यांनी तर आपल्याच चेहऱ्याच्या मज्जातंतूंना विजेचे झटके देऊन पाहिले आणि मगच ते रुग्णांकडे वळले.

यात आपल्या क्लीव्हलंडचाही वाटा आहे, हे मला माहीतच नव्हतं. डॉ. नॉर्मन शीली यांना वाटलं, स्पर्शाचे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जातात, तर वीज थेट तिथेच का देऊ नये? त्यांच्यासाठी यंत्र घडवलं ते इथल्या केसमध्ये शिकणाऱ्या थॉमस मॉर्टिमर या तरुण इंजिनिअरने. 1967 साली ते पहिल्यांदा माणसात बसवलं गेलं. रुग्ण सत्तरीचा, कर्करोगाने पोखरलेला. तो फार काळ जगला नाही, पण वेदना कमी झाल्याचं त्याने सांगितलं, आणि पुढचा सगळा इतिहास त्या सांगण्यावर उभा राहिला.

सुरुवातीच्या यंत्रांची बॅटरी शरीराबाहेर असे. ऐंशीच्या दशकात ती कातडीखाली गेली आणि 2004 पासून रिचार्ज होणारी आली. माझी मी सोफ्यावर बसून चार्ज करतो, मोबाईल शेजारी. लेकीला वाटतं, दोघांचा चार्जर एकच.

पण एक गोष्ट दोन हजार वर्षांत बदलली नाही. दुखणं मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही. तंत्रज्ञ विचारतो, "शून्य ते दहा, किती?" मी दर वेळी म्हणायचो, "सहा." घरी कोणी विचारलं की "ठीक आहे." आकडा हलेना, सेटिंग जमेना. मला वाटू लागलं, हेही ऑपरेशन फुकट गेलं. हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

मग साताऱ्याहून आई आली. तिने आकडा विचारला नाही. पाय मांडीवर घेऊन म्हणाली, "ठणका आहे, कळ येते, की आग होते?" मी थबकलो. तळव्याची आग जवळपास गेली होती! राहिली होती ती मांडीतून गुडघ्यापर्यंत जाणारी कळ. दोन्ही मिळून मी एकच "सहा" सांगत होतो.

पुढच्या भेटीत हे नेमकं सांगितलं. तंत्रज्ञाने ताऱांवरचे वेगळे इलेक्ट्रोड निवडले, आणि "इथे? इथे?" करत अर्ध्या तासात मुंग्या नेमक्या त्या जागी आणल्या. दुखणं शून्य झालं नाही. निम्मं कमी झालं तरी हा उपचार लागू पडला असं मानतात, आणि माझं तेवढं झालंय. रात्री झोप लागते.

नंतर वाचलं, की याच मेलझॅकनी 1975 साली रुग्णांच्या तोंडचे वेदनेचे 78 शब्द गटवार लावून एक प्रश्नावली छापली, कारण नुसती तीव्रता सांगून दुखणं कळत नाही. आईला अर्थात मेलझॅक ठाऊक नाहीत.

मंडळी, आपण इथे "आय अ‍ॅम फाइन" म्हणायला फार लवकर शिकतो. फोनवर आईबाबांनाही तेच सांगतो. काळजी नको म्हणून सांगतो, पण त्यामुळे मदत करणाऱ्याच्या हातात काहीच राहत नाही. कुठे दुखतंय ते आपल्या भाषेत, आपल्या माणसाला सांगून पाहा.

कंदील यंदा बायकोने टांगला. मी खालून "डावीकडे, अजून थोडा" सांगत होतो.