वरळीचे बेडूक आणि कान्हेरीचा कातळ

वरळीच्या बीडीडी चाळीतील काही कुटुंबांसमवेत गेल्या हिवाळ्यात आम्ही बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलो. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात उभारलेल्या या चाळींचा आता पुनर्विकास होत आहे. 160 चौरस फुटांच्या खोल्यांतील शेजार विखुरण्यापूर्वी सर्वांनी एकदा मिळून बाहेर पडावे, एवढाच हेतू. सोबत त्याच मजल्यावरचे एक बौद्ध आजोबाही होते.

ज्वालामुखी म्हटला की आपणांस इटलीतील व्हेसुव्हियस आठवतो. परंतु आपली मुंबईही ज्वालामुखीच्याच खडकावर वसली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीस भेगा पडल्या व लाव्ह्याचे थरांवर थर साचले. दोन उद्रेकांमधील शांततेत तळी भरत, जीव नांदत. वरळीच्या टेकडीत अशाच गाळाच्या थरात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1847 मध्ये त्यांचे वर्णन केले. आपल्या चाळीजवळच एवढे प्राचीन शेजारी होते, हे ऐकून मुले हरखली.

कान्हेरीचा कातळही त्याच अग्नीतून जन्मला आहे. राख आणि फुटलेले दगड एकत्र थिजून तो बनला. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे बौद्ध भिक्षूंसाठी येथे शंभरावर लेणी कोरली गेली. पावसाचे पाणी साठविण्यासाठी टाकी खोदली गेली.

पुढे 1534 च्या वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगिजांकडे आली. फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी मंडपेश्वरच्या लेण्यांवर चर्च बांधले आणि कान्हेरीच्या भव्य चैत्यगृहाचेही संत मायकलच्या नावे प्रार्थनामंदिर केले. हे सांगताना आमचा स्वर नकळत खाली आला.

“फादर, म्हणजे आपण दुसऱ्यांच्या घरात न विचारता शिरलो होतो?” एका मुलीने विचारले.

तिची आई तिला दटावू लागली. आम्ही तिला थांबविले. त्या काळची रीत, राजसत्तेचे बळ, अशी उत्तरे जिभेवर आली होती. पण ती देववेनात. “होय, बाळ,” एवढेच आम्ही म्हणालो.

आजोबा चैत्यगृहाच्या पायरीवर बसले होते. “त्या वेळी विचारलं नव्हतं, फादर,” ते म्हणाले, “आज मात्र मला बरोबर घेऊन आलात.” मग त्यांनी आपला डबा उघडून पहिली भाकरी त्या मुलीच्या हातात दिली.