रस्ता कोणाचा? : मेम्फिस नगरपरिषदेच्या एका ठरावाची हकीगत

नगरपालिकेचा ठराव दिसायला फार साधा असतो. सूचक, अनुमोदक, बहुमताने मंजूर. खाली अध्यक्षांची सही. पण ज्या समाजाला पाणवठा आणि वाट या दोन्ही गोष्टी मागून घ्याव्या लागल्या, त्याने असे ठराव जपून वाचले पाहिजेत. बोले ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. कागदावर तळे खुले झाले, घोट मात्र कोणाला घेता आला नाही. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी त्या पाण्याला हात लावला आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. वैकोमला प्रश्न तळ्याचा नव्हता, देवळाभोवतालच्या रस्त्यांचा होता. ते रस्ते सर्वांना खुले करावेत हा ठराव त्रावणकोरच्या विधिमंडळात फेब्रुवारी १९२५ मध्ये आला तेव्हा बाजूने २१ मते पडली, विरुद्ध २२. एका मताने माणसे रस्त्याबाहेर राहिली.

या दोन्ही ठिकाणी निदान एक गोष्ट स्पष्ट होती. कोणाला अडवले जात आहे आणि का, हे अडवणारे तोंडाने बोलत होते. मला येथे ज्या ठरावाची हकीगत सांगायची आहे, त्यात जातीचा नव्हे पण वंशाचा प्रश्न आहे, आणि संपूर्ण ठरावात वंशाचा एक शब्द नाही. हा ठराव अमेरिकेतला. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहिले आणि आपण निग्रोंच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत असे कळवले. १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडच्या काळ्या पँथरांवरून घेतले. त्यांच्या कविता आपण वाचल्या, त्यांची आत्मकथने वाचली. त्यांच्या नगरपालिकांची इतिवृत्ते मात्र वाचली नाहीत.

मेम्फिस हे टेनेसी राज्यातले मिसिसिपी नदीकाठचे कापसाच्या बाजाराचे शहर. १८७८ साली येथे पीतज्वराची भयानक साथ आली. पैसेवाले शहर सोडून पळाले, नगरपालिका कर्जात बुडाली आणि १८७९ मध्ये राज्याने शहराची सनदच काढून घेतली. पुढे शहर पुन्हा उभे करण्यासाठी कर्जरोखे काढले गेले तेव्हा पहिला रोखा एक हजार डॉलर मोजून घेतला तो रॉबर्ट चर्च या काळ्या माणसाने. गुलामीत जन्मलेला हा माणूस साथीच्या काळात पडत्या भावाने जमिनी घेऊन श्रीमंत झाला होता. ज्या शहराची पत त्याने सावरली त्या शहराच्या बागांत त्याच्या लोकांना जागा नव्हती. म्हणून १८९९ साली त्याने बील स्ट्रीटवर स्वतःच्या खर्चाने बाग आणि सभागृह बांधले. १९५३ साली, त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, त्याचा वाडा शहराच्या अग्निशमन दलाने आपल्या यंत्रसामग्रीचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी पेटवून दिला. आग विझवण्याचे कसब दाखवायला आग लावण्याजोगे घर कोणते, हा निर्णयही कोणीतरी कोठेतरी घेतलेला असतोच.

गोऱ्यांसाठी शहराने ओव्हरटन पार्क केले आणि त्यात प्राणिसंग्रहालय उभारले. काळ्यांना तेथे गुरुवारी प्रवेश असे. बाकीचे वार गोऱ्यांचे. १९६३ साली हा बागांचा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा नगरपालिकेने आम्हाला हळूहळू बदल करू द्या, वेळ द्या, अशी विनवणी केली. न्यायालयाने वेळ दिला नाही. आपल्याकडे ‘लोकांची मने तयार झाली नाहीत’ असे म्हणतात, तशातलीच ही विनवणी.

याच पार्कच्या शेजारी हाइन पार्क नावाची टुमदार वसाहत आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती निव्वळ गोऱ्यांसाठी वसवली गेली. तिच्या मधून वेस्ट ड्राइव्ह हा सुमारे अर्ध्या मैलाचा रस्ता जातो. उत्तरेला जॅक्सन अ‍ॅव्हेन्यू ओलांडले की काळ्यांची वस्ती लागते. त्या वस्तीतून दक्षिणेकडे, पार्ककडे आणि शहराकडे जाण्याची सरळ वाट म्हणजे वेस्ट ड्राइव्ह. १९७० साली हाइन पार्कच्या रहिवाशांनी मागणी केली की वसाहतीत येणारे चार रस्ते बंद करावेत. पोलीस, अग्निशमन आणि सफाई खात्यांनी हरकत घेतली आणि मागणी फेटाळली गेली. जुलै १९७३ मध्ये वसाहतीच्या नागरिक संघाच्या सभासदांनी नवा अर्ज केला. आता चार रस्ते नकोत, एकच बंद करा. तोही पूर्ण नको, जॅक्सनच्या कडेचा फक्त पंचवीस फुटांचा तुकडा. अर्जावर तेरा मालकांच्या सह्या होत्या. कारणे दिली होती ती अशी : जाणारी-येणारी वाहतूक कमी व्हावी, मुले सुरक्षित राहावीत, आवाज आणि कचरा थांबावा, वसाहतीच्या जीवनात व्यत्यय येऊ नये.

या कारणांत वावगे काय? कोणत्याही वाड्यातल्या आईला आपले मूल गाडीखाली येऊ नये असेच वाटेल. म्हणूनच हा अर्ज ध्यान देऊन वाचायचा. नगररचना आयोगाने सुनावणी घेऊन शिफारस केली. नगरपरिषदेपुढे दोन्ही बाजूंनी आपले म्हणणे मांडले. आणि रस्ता बंद करण्याचा ठराव मंजूर झाला. नियम पाळले गेले, नमुने भरले गेले. बंद होणारे पंचवीस फूट मात्र नेमके तेथेच होते जेथे गोरी वसाहत संपते आणि काळी वस्ती सुरू होते. आपल्या भाषेत या जागेला नाव आहे : वेस.

ही नगरपरिषद कोणती होती तेही सांगितले पाहिजे. १ जानेवारी १९६८ पासून मेम्फिसमध्ये नवी राज्यपद्धती सुरू झाली. तेरा सभासद, त्यांत तीन काळे. महिनाभरातच, १ फेब्रुवारीला, पावसापासून आडोसा घेण्यासाठी कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन सफाई कामगार तिच्या यंत्रात चिरडून मेले. १२ तारखेला सुमारे तेराशे कामगार, जवळजवळ सगळे काळे, संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिलेले असे. २२ फेब्रुवारीला कामगारांनी नगरपरिषदेच्या सभागृहात ठाण मांडले तेव्हा तिच्या समितीने संघटनेला मान्यता द्यावी अशी शिफारस केली. दुसऱ्या दिवशी पूर्ण परिषदेने ती बाजूला सारली, आणि बाहेर पडलेल्या मोर्चावर पोलिसांनी मुख्य रस्त्यावर झोंबरा वायू फवारला. मार्टिन ल्यूथर किंग या संपासाठीच मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला तेथेच मारले गेले. १६ एप्रिलला तडजोड झाली. रस्ते झाडणाऱ्यांना रस्त्यावर चालू न देणारे शहर आपल्याला अनोळखी वाटायला नको.

तर त्या शहरात १९७४ साली काही काळे रहिवासी आणि त्यांच्या नागरिक संघटना न्यायालयात गेल्या. त्यांनी आधार घेतला तो १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, गुलामी संपल्यावर काळ्यांना मालमत्ता बाळगण्याचा समान हक्क देणाऱ्या कायद्याचा. योगायोग असा की तो कायदा एप्रिल १८६६ मध्ये झाला आणि मे महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत याच मेम्फिसमध्ये गोऱ्या जमावाने ४६ काळ्यांना ठार मारून त्यांची घरे, शाळा, चर्चे जाळली.

पहिल्या न्यायालयात शहर जिंकले. अपील न्यायालयात रहिवासी जिंकले. एका वसाहतीचे बाहेरच्यांपासून रक्षण करण्यासाठी शहराचा रस्ता बंद करणे ही जगावेगळी गोष्ट आहे असे त्या न्यायाधीशांना वाटले. २० एप्रिल १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल फिरवला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : वंशद्वेषाचा हेतू सिद्ध झालेला नाही, वाहनचालकांना दुसऱ्या रस्त्याने वळसा पडेल ही नागरिकाने सोसावी अशी सामान्य गैरसोय आहे, आणि शहरातल्या वस्त्या बहुधा एकेका वंशाच्या असल्याने वाहतुकीच्या कोणत्याही नियमाचा भार कोणत्या ना कोणत्या वंशावर पडणारच.

हे शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. वस्त्या एकेका वंशाच्या असतात! जणू पावसासारख्या त्या आकाशातून पडल्या. त्या कोणी तशा केल्या, कोणत्या करारांनी आणि कोणत्या ठरावांनी, हा प्रश्न न्यायालयाच्या दाराबाहेर ठेवला की मग आत उरते ती फक्त वाहतूक.

विरोधी निकालपत्र थरगुड मार्शल यांनी लिहिले. या न्यायालयात बसलेले ते पहिले काळे न्यायाधीश. ब्रेनन आणि ब्लॅकमन त्यांच्याबरोबर होते. मार्शल यांनी खटल्याच्या कागदांत आलेल्या ‘नको असलेली वाहतूक’ या शब्दांकडे बोट दाखवले आणि ही सांकेतिक भाषा आहे असे सांगितले. गाडी नकोशी नसते, गाडीतला माणूस नकोसा असतो. मेम्फिसचा इतिहास बाजूला ठेवून हा अडसर पाहता येणार नाही असाही त्यांचा आग्रह होता. याच मार्शल यांनी दहा वर्षांपूर्वी, १९७१ साली, ओव्हरटन पार्कमधून जाणारा महामार्ग अडवणारा निकाल लिहिला होता. झाडांसाठी लढणाऱ्या नागरिकांना तेव्हा पूर्ण न्यायालय अनुकूल मिळाले. पार्क वाचले, आणि ते वाचले हे चांगलेच झाले. पण पार्ककडे जाणाऱ्या काळ्या माणसाची वाट वाचवायला मार्शल यांना सहा नव्हे, दोनच सोबती मिळाले.

आता शहराच्या मध्यभागाकडे वळू. एका टोकाला रस्ता बंद करायचा ठराव होत असताना याच शहराच्या मध्यभागी ‘सुधारणा’ चालली होती. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने अशी सोय केली होती की नगरपालिकेने एखादा भाग ‘खंगलेला’ म्हणून जाहीर करावा, तेथील घरे-दुकाने घेऊन पाडावीत आणि जमीन नव्याने विकावी. यात जो निव्वळ तोटा येईल त्याचे दोन तृतीयांश केंद्र सरकार भरील. खंगलेले कोण हे ठरवण्याचा अधिकार नगरपालिकेचा. देशभर हा शिक्का मुख्यतः काळ्यांच्या वस्त्यांवर बसला. जेम्स बाल्डविन यांनी १९६३ साली स्पष्ट सांगितले होते की नगरनवीकरण म्हणजे निग्रोंची हकालपट्टी.

मेम्फिसमध्ये शिक्का बसला तो बील स्ट्रीटच्या परिसरावर. रॉबर्ट चर्चची बाग येथे, आयडा वेल्स यांच्या वृत्तपत्राची कचेरी येथे, ब्लूज संगीत येथे वाढले. १९६६ साली केंद्र सरकारने बील स्ट्रीट राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवला, आणि त्यानंतरच्या वर्षांत भोवतालच्या शेकडो इमारती नवीकरणाच्या पैशाने जमीनदोस्त झाल्या. घरे गेली, शिंपी, न्हावी, गहाणवट, खाणावळी गेल्या. १९७७ साली अमेरिकेच्या काँग्रेसने बील स्ट्रीटला ब्लूजचे घर म्हणून गौरवले तेव्हा घरातली माणसे उठून गेली होती.

दोन्ही निर्णय शेजारी ठेवून पाहिले म्हणजे शब्दांची वाटणी ध्यानात येते. गोऱ्या वसाहतीला ‘शांतता’ हवी तेव्हा तिच्यासाठी सार्वजनिक रस्ता खाजगी अंगणासारखा होतो. काळ्या बाजाराला ‘सुधारणा’ मिळते तेव्हा त्याचे खाजगी दुकान सार्वजनिक कामासाठी घेतले जाते. अर्ज करणाऱ्या तेरा मालकांचे ऐकले गेले. बील स्ट्रीटचे भाडेकरू मालक नव्हते, म्हणून ते अर्जदारही नव्हते. आपल्याकडे रस्तारुंदीच्या नकाशात कोणाच्या ओट्यावर रेघ पडते आणि ती कोणाच्या कुंपणाशी वळसा घेते, हे ज्यांनी नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना मी सांगायला नको.

एक फरक मात्र नोंदवला पाहिजे. मेम्फिसच्या रहिवाशांना रस्त्यासाठी मालमत्तेचा कायदा शोधावा लागला. रस्ता बंद झाल्याने आमच्या घरांची किंमत घटते असे म्हणावे लागले. रस्त्यावरून चालण्याचा हक्क असा त्यांच्या संविधानात लिहिलेला नाही. आपल्या संविधानाच्या १५ व्या कलमाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर रस्ते हा शब्द आहे. महाड आणि वैकोम पाहिलेल्या पिढीने तो तेथे लिहिला. त्या कलमात एक अटही आहे : तो रस्ता पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेला असावा किंवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी दिलेला असावा. म्हणून आपल्या गावाच्या, आपल्या प्रभागाच्या अंदाजपत्रकात कोणत्या रस्त्यावर किती रुपये पडले, कोणता रस्ता कोणत्या ठरावाने कोणत्या सोसायटीच्या फाटकाआड गेला, त्या सभेला कोण हजर होते, हरकत कोणी नोंदवली आणि ती इतिवृत्तात आली का, हे काम आपल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. नगरपालिकेची जुनी इतिवृत्ते बहुधा अभिलेखकक्षात धूळ खात पडलेली असतात, आणि ती मागण्याचा अधिकार २००५ पासून कायद्यानेच दिलेला आहे.