एफएफप्रोब: व्हिडिओ फाइलच्या आत काय आहे ते कसं बघायचं?

पेन ड्राइव्हवर एक व्हिडिओ आहे. लॅपटॉपवर छान चालतो, पण टीव्हीला लावला की चित्र दिसतं आणि आवाज मात्र येत नाही. अशा वेळी बहुतेक जण कुठलं तरी कन्व्हर्टर डाउनलोड करतात, तासभर वाट बघतात आणि शेवटी हाती येते ती मूळ फाइलपेक्षा धूसर कॉपी. अडचण फक्त आवाजाच्या ट्रॅकची होती, चित्राला हात लावायची गरजच नव्हती! हे आधी कळलं असतं तर काम एक-दोन मिनिटांत झालं असतं. ते आधी कळावं म्हणूनच एफएफप्रोब.

एफएफएमपेग हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर फॅब्रिस बेलार्ड यांनी २००० साली सुरू केलं. त्याच्याच सोबत एफएफप्रोब मिळतं. एफएफएमपेग नवी फाइल बनवतं, एफएफप्रोब फाइल वाचून आतली माहिती दाखवतं. त्यामुळे खाली दिलेल्या एफएफप्रोबच्या कमांड बिनधास्त चालवून बघा, मूळ फाइलला धक्का लागत नाही.

एक सूचना: या लेखात कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच करायच्या. आडवी रेघ, अंडरस्कोर आणि स्पेस जिथे दिसतात तिथेच हव्यात.

इन्स्टॉल आणि पहिली कमांड

उबुंटूवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल एफएफएमपेग', मॅकवर होमब्रू असेल तर 'ब्रू इन्स्टॉल एफएफएमपेग', विंडोजवर 'विंगेट इन्स्टॉल एफएफएमपेग'. अँड्रॉइड फोनवर टर्मक्समध्येही चालतं.

आता व्हिडिओ असलेल्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा. विंडोजमध्ये फोल्डरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये 'सीएमडी' लिहून एंटर दाबलं की झालं. मग:

एफएफप्रोब -हाइड_बॅनर "ताईचं लग्न.एमपी४"

फाइलच्या नावात स्पेस असेल तर दुहेरी अवतरणचिन्हं हवीतच. सुरुवातीला सगळ्यांचं इथेच अडतं. 'हाइड_बॅनर' दिलं नाही तर उत्तराच्या आधी व्हर्जनची लांबलचक माहिती येते, तिचा आपल्याला काही उपयोग नाही.

उत्तर कसं वाचायचं

एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही ही डब्यांची नावं आहेत. डब्याला कंटेनर म्हणतात. आत चित्र, आवाज, सबटायटल असे वेगवेगळे कप्पे असतात, त्यांना स्ट्रीम म्हणतात. प्रत्येक कप्पा कुठल्या पद्धतीने दाबून भरलाय, ती पद्धत म्हणजे कोडेक. दोन एमपी४ फाइलींपैकी एक टीव्हीवर चालते आणि दुसरी नाही, याचं कारण बहुतेक वेळा कोडेकमध्ये असतं.

आयफोनच्या एखाद्या व्हिडिओसाठी चित्राची ओळ साधारण अशी येते: स्ट्रीम ०:०, व्हिडिओ, एचईव्हीसी, मेन १०, १९२०x१०८०, मग बिटरेट आणि शेवटी २९.९७ एफपीएस. यातलं 'एचईव्हीसी' म्हणजे एच.२६५ कोडेक, 'मेन १०' म्हणजे रंगाची माहिती १० बिटची. जुन्या टीव्हीला आणि जुन्या लॅपटॉपला नेमकं हेच झेपत नाही. तिथे 'एच२६४' आणि ८ बिट असेल तर बहुतेक ठिकाणी चालतं. उभा व्हिडिओ काढूनही १९२०x१०८० असं आडवं माप दिसलं तर गोंधळू नका. फोन चित्र आडवंच साठवतो आणि 'रोटेशन' अशी वेगळी नोंद ठेवतो.

बिटरेटवरून फाइलच्या आकाराचा हिशोबही जमतो. ८ मेगाबिट प्रति सेकंद म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, तासाला ३,६०० मेगाबाइट, म्हणजे ३.६ जीबी. फक्त १९२०x१०८० बघून 'एचडी आहे' असं म्हणू नका. तो आकडा चौकटीचा आहे, आतलं चित्र किती स्वच्छ आहे ते त्यावरून कळत नाही. जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून केलेली फाइल १९२०x१०८० मध्ये मिळाली, तरी आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या कॅसेट डिजिटल करताना मुळात ७२०x५७६ ची चौकट वापरतात. बाकीचे पिक्सेल नंतर ताणून भरलेले असतात.

टीव्हीवर आवाज नाही? उपाय

आता सुरुवातीच्या फाइलकडे येऊ. आवाजाच्या ओळीत 'डीटीएस' दिसलं तर कोडं सुटलं, कारण अनेक टीव्ही डीटीएस वाचत नाहीत. मग चित्र जसंच्या तसं ठेवून फक्त आवाज एएसीमध्ये बदलायचा:

एफएफएमपेग -आय "जुनी.एमकेव्ही" -मॅप ० -सी कॉपी -सी:ए एएसी "नवी.एमकेव्ही"

'सी कॉपी' म्हणजे सगळे कप्पे आहेत तसेच उचल, 'सी:ए एएसी' म्हणजे आवाज तेवढा बदल. 'मॅप ०' विसरू नका. ते नसेल तर फाइलमध्ये मराठी आणि इंग्रजी असे दोन ऑडिओ असूनही नव्या फाइलमध्ये एकच येतो. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे त्याची क्वालिटी कमी होत नाही आणि वेळही कमी लागतो.

तारीख आणि जागा

हा भाग नीट वाचा, कारण इथे तुमच्या खासगी माहितीचा प्रश्न आहे.

एफएफप्रोब -व्ही एरर -शो_फॉरमॅट "फोनमधला.एमपी४"

खाली 'टॅग' लिहिलेल्या ओळी येतात. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर 'लोकेशन' टॅगमध्ये +१८.५२०४+०७३.८५६७ असे आकडे दिसतात. हे अक्षांश-रेखांश आहेत, नकाशात टाकले की थेट पुणं दाखवतात. घरात काढलेला मुलांचा व्हिडिओ मूळ फाइल म्हणून कुणाला दिला, तर घराचा पत्ताही दिल्यासारखंच आहे. काढून टाकायचं असेल तर:

एफएफएमपेग -आय "फोनमधला.एमपी४" -मॅप_मेटाडेटा -१ -सी कॉपी "स्वच्छ.एमपी४"

आणि नव्या फाइलवर एफएफप्रोब पुन्हा चालवून खात्री करा. नुसत्या विश्वासावर सोडू नका.

'क्रिएशन_टाइम' वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. शेवटी झेड असेल तर वेळ यूटीसी आहे, म्हणजे भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. ०४:४५ दिसलं तर शूटिंग सकाळी सव्वादहाला झालं. (काही कॅमेरे स्थानिक वेळच यूटीसी म्हणून लिहून टाकतात, तेव्हा आधी आपल्याच एखाद्या ओळखीच्या क्लिपवर तपासा.) दुसरं म्हणजे, ही तारीख कुणालाही बदलता येते आणि फॉरवर्ड होताना व्हिडिओ पुन्हा एन्कोड झाला की मूळ नोंद सहसा राहतच नाही. त्यामुळे व्हायरल क्लिप 'कालचीच' आहे हे टॅगवरून सिद्ध होत नाही.

एडिटिंगमध्ये ओठ आणि आवाज जुळत नाहीत

एफएफप्रोब -व्ही एरर -सिलेक्ट_स्ट्रीम्स व्ही:० -शो_एंट्रीज स्ट्रीम=आर_फ्रेम_रेट,एव्हीजी_फ्रेम_रेट "क्लिप.एमपी४"

उत्तर अपूर्णांकात येतं. ३०,०००/१,००१ म्हणजे २९.९७. दोन्ही आकड्यांत बऱ्यापैकी फरक असेल तर क्लिपचा फ्रेम रेट बदलता असण्याची शक्यता जास्त. फोन कमी उजेडात असं करतात. काही एडिटिंग सॉफ्टवेअर तो स्थिर धरतात आणि लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू मागेपुढे होत जातो. टाइमलाइनवर घेण्याआधीच क्लिप स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

'मूव्ह अ‍ॅटम नॉट फाउंड'

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या पोटात गोळा आणणारा हा मेसेज. एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका असते, तिला 'मूव्ह' म्हणतात. बरेच कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर, फाइलच्या शेवटी लिहितात. मध्येच बॅटरी गेली तर चित्र आणि आवाज कार्डावर असतात, पण अनुक्रमणिका नसते.

अशी फाइल डिलीट करू नका. आधी कार्डावरच्या फाइलचा आकार आणि कॉम्प्युटरवरच्या कॉपीचा आकार बाइटपर्यंत जुळतो का बघा. कॉपी अर्धवट झाली तरी हाच मेसेज येतो, आणि तसं असेल तर पुन्हा कॉपी केलं की प्रश्न मिटला. आकार जुळत असेल तर ते कार्ड बाजूला ठेवा, त्यावर नवीन काही शूट करू नका. त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने काढलेली एक चांगली क्लिप जवळ ठेवा. 'अनट्रंक' सारखी टूल त्या क्लिपचा नमुना घेऊन अनुक्रमणिका पुन्हा बांधायचा प्रयत्न करतात. दर वेळी सगळं मिळेल असं नाही, पण कार्ड फॉरमॅट केल्यावर तेवढीही आशा राहत नाही.