परतणाऱ्या रक्ताचा घाव

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद झाली, की हृदयविकाराचा झटका येतो. ती लवकरात लवकर मोकळी करणे हा त्यावरचा मुख्य उपाय. पण धमनी उघडताना, परतणारे रक्तच काही पेशींचा बळी घेते, असे वर्गात सांगितले तर विद्यार्थी चकित होतील. आम्हा संशोधकांनाही हे कोडे अनेक दशके पुरले आहे.

१९६० साली अमेरिकेत रॉबर्ट जेनिंग्ज व सहकाऱ्यांनी कुत्र्यांची हृदयधमनी काही काळ बांधून पुन्हा सोडली. धमनी कायमची बांधल्यास जे बदल स्नायूत चोवीस तासांनी दिसत, तसे बदल रक्त परतल्यावर तासाभरातच दिसले. याचे दोन अर्थ संभवत होते. एक, त्या पेशी आधीच मेल्या होत्या आणि रक्त आल्यावर ते फक्त उघड झाले. दुसरा, जगू शकणाऱ्या पेशी परतलेल्या रक्तामुळे मेल्या.

उत्तराचा धागा पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांत सापडला. त्यांच्या आतल्या पटलात एक छिद्र उघडू शकते, असे १९७९ साली हॉवर्थ आणि हंटर यांनी मांडले. रक्त थांबलेले असताना पेशीत आम्ल साचते, आणि त्या आम्लतेमुळे छिद्र बंद राहते. रक्त परतताच आम्ल धुऊन निघते, तंतुकणिकांत कॅल्शियम वाढते, प्राणवायूपासून घातक मुक्त मूलके बनतात. मग छिद्र उघडते, ऊर्जानिर्मिती थांबते व पेशी मरते.

हे छिद्र रोखणारे औषध हाताशीच होते. बुरशीपासून मिळणारे सायक्लोस्पोरिन, रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णांना दिले जात होते. ते हृदयाच्या तंतुकणिकांतील छिद्र रोखते, असे क्रॉम्प्टन यांनी १९८८ साली दाखवले. २००३ साली लंडनमध्ये हॉसनलॉय व सहकाऱ्यांनी ते उंदरांच्या हृदयांना प्रवाह परततानाच दिले, तेव्हा मृत स्नायूचे प्रमाण घटले. म्हणजे त्या क्षणी वाचवता येण्याजोग्या पेशी शिल्लक होत्या. दुसऱ्या अर्थाला बळ मिळाले.

आता प्रश्न रुग्णांचा होता. २००८ साली फ्रान्समध्ये ५८ रुग्णांवर चाचणी झाली. रक्तात पाझरलेल्या एका विकराच्या मोजणीवरून स्नायूची हानी सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसली. आशा उंचावल्या. मात्र २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, ९७० रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर मृत्यू, हृदयाची दुर्बलता बळावणे किंवा हृदयाचा कप्पा फुगणे यांपैकी काही ना काही घडलेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्या गटात ५९ टक्के, तर न घेणाऱ्या गटात ५८ टक्के निघाले. फायदा शून्य!

असे का व्हावे? प्रयोगशाळेतला उंदीर तरुण व निरोगी असतो. रुग्ण बहुधा वयस्क, मधुमेह किंवा रक्तदाब असलेला, आधीच अनेक औषधे घेणारा. शिवाय थोड्या रुग्णांत योगायोगाचा वाटा मोठा असतो. नाणे दहा वेळा उडवून सात छापे येणे नवलाचे नाही. हजार वेळा उडवून सातशे येणे मात्र नवलाचे. हा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा.

हा घाव टाळणारे औषध अजूनही नित्य उपचारात आलेले नाही. तरी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवायला हवी : धमनी उघडण्याने जितके गमावते, त्याहून कितीतरी अधिक वाचते. छातीत कळ आली, तर घरी थांबून वेळ दवडू नये.