परवानाबदल (मुक्तस्रोत सॉफ्टवेअर)

स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या अटी मालक कंपनीने नव्या आवृत्तीपासून बदलणे. आधीच्या आवृत्तीला दिलेली मोकळीक मागे घेता येत नाही. म्हणून जुन्या प्रतीवरून अनेकदा वेगळी शाखा (फोर्क) फुटते.

मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एसएसपीएल हा परवाना आणला. डेटाबेस सेवा म्हणून विकणाऱ्याने ती सेवा चालवणाऱ्या साऱ्या यंत्रणेचा स्रोत खुला करावा, अशी त्याची अट. ओपन सोर्स इनिशिएटिव्हची या परवान्याला मान्यता नाही. २०२१ मध्ये शोध-सॉफ्टवेअर बनवणारी इलास्टिक त्याच वाटेने गेली आणि ॲमेझॉनने ओपनसर्च ही फोर्क काढली. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने टेराफॉर्म या सॉफ्टवेअरसाठी बीएसएल (स्पर्धक सेवेसाठी वापर रोखणारा) परवाना घेतला, त्यातून ओपनटोफू निघाले. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने परवाना बदलला. आठवडाभरातच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हाल्की उभे राहिले. पुढे इलास्टिकने (२०२४) आणि रेडिसने (२०२५) एजीपीएलचा (नेटवर्कवरून सेवा देणाऱ्यालाही बदललेला स्रोत खुला करायला लावणाऱ्या मुक्तस्रोत परवान्याचा) पर्याय देऊन काही पावले मागे घेतली. कंपन्या क्लाउड-विक्रेत्यांना दोष देतात, टीकाकार गुंतवणूकदारांना. खरे कलम योगदानाच्या करारात असते : बाहेरच्यांनी लिहिलेल्या ओळींवरचे हक्क कंपनीकडे आले, की परवाना बदलायला कोणाला विचारावे लागत नाही. रेडिसच्या बाबतीत अशा कराराचीही गरज नव्हती; मूळ बीएसडी परवानाच पुरेसा सैल होता.

मिनिओ या साठवणुकीच्या सॉफ्टवेअरने २०२१ मध्ये एजीपीएल घेतला, तर २०२५ मध्ये मोफत आवृत्तीतून व्यवस्थापनाचे स्क्रीन वगळले.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण उलट बाजूचे आहे. मुंबईच्या फ्रॅपे (पूर्वीची वेब नोट्स टेक्नॉलॉजीज) कंपनीचे इआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारे सॉफ्टवेअर. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून ते लिहायला घेतले. त्याचा परवाना जीपीएल-३, तर त्याखालच्या फ्रॅपे फ्रेमवर्कचा एमआयटी. २०२० मध्ये झिरोधा या शेअर दलाली कंपनीच्या रेनमॅटर या गुंतवणूक शाखेने फ्रॅपे कंपनीत गुंतवणूक केली. परवाना तसाच राहिला; बदल झाला तो बांधणीत. आवृत्ती १४ (२०२२) पासून मनुष्यबळ, आरोग्य, शिक्षण, शेती हे विभाग मूळ इआरपीनेक्स्टमधून काढून स्वतंत्र ॲप केले गेले, त्यामुळे स्वतः बसवणाऱ्याला ते वेगळे जोडावे लागतात. सीआरएम, हेल्पडेस्क, इनसाइट्स ही नंतरची उत्पादने आणखी कडक एजीपीएल-३ खाली आहेत. उत्पन्नासाठी फ्रॅपे क्लाउड ही सशुल्क होस्टिंग सेवा आहे. ती चालवणारे 'प्रेस' हे सॉफ्टवेअरही कंपनीने खुले ठेवले आहे.