डॉ. अर्बन बास : एका निषिद्ध हाताचा इतिहास

पहिले महायुद्ध वर्गात शिकवताना आम्ही तह, आघाड्या आणि सेनापतींची नावे मुलांकडून पाठ करून घेतो. रणांगणावर पडलेल्या जखमींना कोणी उचलले, कोणाच्या हातांनी त्यांचे रक्त थांबवले, हा प्रश्न अभ्यासक्रमात नसतो. तो विचारला की इतिहासाने मागच्या रांगेत बसवलेली माणसे दिसू लागतात. अमेरिकेचे काळे लष्करी डॉक्टर अर्बन बास हे त्यांपैकी एक.

बास यांचा जन्म १८८० सालचा, व्हर्जिनिया राज्यातील रिचमंडचा. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. समाजाने मात्र ती संपवली नव्हती. दक्षिणेतील गोऱ्यांची वैद्यकीय महाविद्यालये काळ्यांना बंद होती. म्हणून काळ्यांसाठी निघालेल्या रॅले येथील लेनर्ड वैद्यकीय विद्यालयात ते शिकले, १९०६ साली डॉक्टर झाले आणि पुढे फ्रेडरिक्सबर्ग गावात व्यवसाय करू लागले. गुलामांच्या लिलावाशी जोडला गेलेला एक दगड या गावाच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा होता. तो तिथून हलवायला २०२० साल उजाडावे लागले.

१९१७ साली अमेरिका युद्धात उतरली. लोकशाहीच्या रक्षणासाठी हे युद्ध आहे, असे राष्ट्राध्यक्ष विल्सन जगाला सांगत होते. बास यांनी आपली सेवा स्वेच्छेने देऊ केली. त्यांच्यासारखे १०४ काळे डॉक्टर पुढे आले. त्यांचे प्रशिक्षण आयोवा राज्यातील फोर्ट डी मॉइन येथे, गोऱ्यांपासून वेगळे झाले. बास यांची नेमणूक ३७२ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये झाली. ही काळ्या सैनिकांची रेजिमेंट होती. अमेरिकन सेनेने तिला आपल्या फौजांबरोबर लढू न देता फ्रेंच सेनेच्या हवाली केले.

एवढ्यावर भागले नाही. ऑगस्ट १९१८ मध्ये अमेरिकन मुख्यालयाशी संबंध ठेवणाऱ्या फ्रेंच लष्करी कचेरीतून एक गुप्त सूचनापत्र निघाले. काळ्या अधिकाऱ्यांबरोबर जेवू नका, त्यांच्याशी हस्तांदोलन करू नका, कामापलीकडे संबंध ठेवू नका, असा फ्रेंच अधिकाऱ्यांना त्यात सल्ला होता. कारण काय, तर गोऱ्या अमेरिकनांच्या भावना दुखावतील. डॉ. ड्यू बॉईस यांनी १९१९ साली हे पत्र आपल्या 'क्रायसिस' मासिकात छापून चव्हाट्यावर आणले.

हे आपल्याला परके वाटते का? काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली, ती हकीकत १९२९ साली 'यंग इंडिया'त आली आणि बाबासाहेबांनी ती नोंदवून ठेवली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि ते त्याच वाटेने परत गेले. ती बाई दगावली. तिथे डॉक्टरचा हात रोग्याला शिवला नाही. फ्रान्समध्ये डॉक्टरच्याच हाताला हात देऊ नका, असे सांगितले गेले. बाजू बदलली, विटाळ तोच राहिला.

सूचनापत्र निघून दोन महिने झाले नव्हते. ऑक्टोबर १९१८ च्या पहिल्या आठवड्यात फ्रान्समधील मोंत्वा गावाजवळ ३७२ वी रेजिमेंट हल्ल्यात होती. लेफ्टनंट बास आडोशाला थांबले नाहीत. तोफगोळ्यांच्या सततच्या माऱ्यात, उघड्या मैदानावर ते जखमींवर उपचार करत राहिले आणि स्वतः जबर जखमी होऊन त्यांना उचलून नेईपर्यंत थांबले नाहीत. त्या जखमांनी त्यांचा अंत झाला. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. मृत्यूनंतर त्यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' देण्यात आला.

सर्वोच्च पदक, म्हणजे 'मेडल ऑफ ऑनर', मात्र या युद्धातील एकाही काळ्या सैनिकाला तेव्हा मिळाले नाही. बास यांच्या आधी काही दिवस, त्याच फ्रेंच डिव्हिजनमधून लढताना फ्रेडी स्टोवर्स हा काळा सैनिक पडला. त्याला ते १९९१ साली मिळाले. परतलेल्या सैनिकांचे स्वागत १९१९ च्या वर्णद्वेषी दंगलींनी झाले.

आपल्याकडे काय घडले? महारांची लष्करभरती बंद झाल्यावर १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज केला. इंग्रजांना ती आठवण १९१७ साली, माणसे कमी पडू लागल्यावर झाली. तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडली. युद्धात दार उघडायचे आणि तहानंतर लावून घ्यायचे, ही रीत समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकच होती.

म्हणून बास यांच्या शौर्याचा गौरव करताना एक सावधगिरी हवी. 'पाहा, आम्हीही मरू शकतो, आता तरी माणूस समजा' असे म्हणण्यासाठी त्यांचे नाव वापरू नये. माणूसपण सिद्ध करण्याची परीक्षा दलितानेच का द्यावी? ती जन्मतः पास झालेल्यांची कोणी घेतली? बास यांच्या कृतीने त्यांची परीक्षा झालेली नाही. हस्तांदोलन नाकारणाऱ्यांची झाली आणि ते नापास झाले.

१९२१ साली बास यांचे अवशेष फ्रेडरिक्सबर्गच्या राष्ट्रीय दफनभूमीत आणले गेले. तिथे गुलामगिरी संपवणाऱ्या यादवी युद्धात पडलेले हजारो सैनिक पुरलेले आहेत. ते युद्ध कागदोपत्री १८६५ साली संपले. त्यातले जे काम अपुरे राहिले, ते करत असलेला एक डॉक्टर त्यांच्या शेजारी विसावला आहे. आपल्या विद्यार्थ्यांना सेनापतींच्या नावांबरोबर हे नावही सांगितले पाहिजे.